निरंक

इंटरला तीनदा नापास झाले.
चौथ्यांदा फॉर्मचे पैसे आईच्या चष्म्याला गेले,
आणि बोराबाजारात रेगेसाहेबांकडे
व्हाउचर तपासायला बसले, ती बारा वर्षं बसले.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं शून्य खोडलं.
"शून्य लिहायचं नाही, बाई.
शून्याच्या आधी कुणीही एक उभा करतो.
निरंक लिहा. निरंकाला हात लावता येत नाही."
एवढंच शिकवलं त्यांनी. बाकी मी चुकत शिकले.

आता विक्रोळीला, कन्नमवारनगरात,
झेरॉक्स आणि पिठाची गिरणी यांच्या मधला गाळा.
जुलैत फॉर्म सोळांवर ज्वारीचं पीठ बसतं,
फुंकर मारून मी लोकांचे पगार वाचते.
पाटीवर 'कर सल्लागार', तोंडी 'टॅक्सवाल्या बाई'.

पगार सांगताना माणसांचा आवाज उतरतो,
मूळव्याध सांगावी तसा.
कमी असेल तरी. जास्त असेल तर जास्तच.

ऐरोलीचा पोरगा म्हणाला,
भाड्याच्या पावत्या आईच्या नावाने करा.
देतोस का आईला भाडं?
"नाही, पण सही देईल ती."
म्हटलं, आधी भाडं दे, मग ये.
तो पुढच्या गल्लीत गेला, तिथे सगळं होतं,
आणि दोन वर्षांनी नोटीस घेऊन माझ्याकडेच आला.
चहा पाजला. फी दुप्पट घेतली.
साधुसंत नाही मी.

क्लासवाले पेडणेकर सर म्हणतात,
"थोडं सौ.च्या नावावर दाखवा."
मी म्हणते, सौ.ना घेऊन या.
त्या येतात, सही करतात,
मग चष्मा वर सरकवून आकड्याकडे बघत राहतात:
"एवढं कमावते का हो मी?"
सरांना तेव्हा नेमका फोन येतो.

भिकाजी गोठणकर, स्टुडिओत लाइटमन,
एकोणीस वर्षं आला,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कागद घेऊन.
दर जुलैत मी विचारायची: देणगी वगैरे?
तो पंख्याकडे बघायचा, दिवा नीट लागलाय का बघावं तसा.
"काही नाही."
मी लिहायची: निरंक.

मार्चात गेला.
मेलेल्या माणसाचंही विवरणपत्र भरावं लागतं,
लोकांना हे खरं वाटत नाही.
मुलगी आली, वृषाली. डबा तोच.
तळाशी, पिवळ्या पेपराखाली, पावत्या.
मुक्याबहिऱ्या मुलांच्या शाळेला
दरवर्षी तीन हजार, कधी साडेतीन,
स्टुडिओ बंद होते त्या वर्षी सातशे.

माझा हात आधी कॅल्क्युलेटरकडे गेला, कबूल करते.
किती वजावट, किती परतावा बुडाला.
मग रागच आला. विचारलं नव्हतं का मी?
एकोणीस वेळा?
वृषाली पावत्या उलटसुलट करत म्हणाली,
"आमच्यात तर कुणीच मुकं नाही."

जुन्या पावत्यांची मुदत संपलेली.
या वर्षीची तेवढी चालत होती, ती लावली.
देणगीच्या रकान्यात त्याच्या नावापुढे
पहिल्यांदा आकडा बसला.
बटण दाबलं,
आणि तिच्या पर्समध्ये त्याचा फोन वाजला:
आपलं विवरणपत्र मिळालं. आभारी आहोत.
शेजारी गिरणी चालू होती.
ती थांबेपर्यंत दोघी गप्प बसलो.

फी विचारली तिने.
पाचशे म्हटलं. नेहमीचेच. घेतले.

त्याच्या एकोणीस फाइली माळ्यावर आहेत,
हिरव्या टॅगमध्ये ओवलेल्या,
प्रत्येकीत माझ्याच अक्षरात निरंक.
रेगेसाहेब, हात लागत नाही म्हणालात.
मी शिडी लावून वर गेले, एक फाइल काढली,
पीठ झटकलं, बघितलं.
आधी एक उभा होता.