चौऱ्याहत्तर दिवस

उणे एकवीस. टार्टूत अजून उजाडलेलं नाही.
उर्मास दारात उभा, अंगाला ओल्या पाइनच्या भुशाचा वास,
डबी काखेत. कोटाच्या आत, स्वेटरच्या आत, थेट कातडीला लावून,
घरट्यातून पडलेलं पिल्लू आणावं तशी.
"चाळीस मिनिटं झाली," तो म्हणतो. "बर्फ काढणाऱ्या गाडीमागे अडकलो."
मी वेळ लिहिते, नाव लिहिते, त्याच्याकडे बघत नाही.
या खोलीत कुणीच कुणाकडे बघत नाही.

गंमत अशी, की जे त्याने एवढ्या उबेत आणलं
ते घडताना गारवा मागतं.
म्हणून तर ती दोघं देहाबाहेर,
उकाड्यात अंगणात टाकलेल्या खाटांसारखी;
बहुधा डावं जरा खाली, उजवं जरा वर.
त्यांची पिशवी थंडीत आक्रसते, उन्हात सैलावते,
मालकाचाही हुकूम ऐकत नाही.

आत सुताच्या गुंड्या. सोडवल्या तर नदीचा पूल
ओलांडून, परत येऊन, पुन्हा ओलांडतील.
त्या सुताच्या पोकळीत रात्रंदिवस वाटणी चालते:
शेहेचाळीसमधले तेवीसच घ्यायचे,
बाकीचे तेवीस समोरच्याकडे असतील
या भरवशावर निघायचं.
शेपूट फुटते, पण पोहता येत नाही.
ते शिकायला मागची एक गुंडाळलेली गल्ली,
सहा मीटर लांब, करंगळीहून लहान जागेत मावलेली.

मग वर. जांघेतून, मूत्राशयाला वळसा घालून
(सरळ रस्ता कुणी आखलाच नाही).
वाटेत वीर्यकोश साखर देतात,
अक्रोडाएवढं प्रोस्टेट आपलं पातळ दूध घालतं.
वाटाण्याएवढ्या दोन ग्रंथी
आधीच सडा टाकून गेलेल्या असतात,
कारण पुढचा रस्ता लघवीचाही आहे.
रूळ एक, गाड्या दोन,
आणि मूत्राशयाच्या तोंडाशी एक फाटकवाला,
जो सहसा चुकत नाही.

आणि शेवटी तो, ज्याच्यावर
आमच्या भाषेतल्या निम्म्या शिव्या उभ्या आहेत.
त्यात हाड नाही. स्पंज आहे, आणि रक्त,
जे येतं, थोडं थांबतं, निघून जातं.

काचेवर एक थेंब. चौकटी. मी मोजते.
एकाला दोन डोकी. एक जागच्या जागी गोल फिरतोय,
चावी दिलेल्या खेळण्यासारखा.
शंभरात चार पुढे जातात.
आकडा लिहिते. आकड्याला आवाज नसतो,
म्हणून मला हे काम जमतं.

डॉक्टरांनी विचारलं म्हणे, "सौना?"
"दर शनिवारी. आजोबांनी बांधलेली. नव्वद अंश."
"बंद. पूर्ण पीक बदलायला
चौऱ्याहत्तर दिवस लागतात."

एप्रिल. छपरावरून ठिबकतंय.
यावेळी डबी खिशात, हातानं धरलेली.
विचारलं नसताना सांगतो:
अकरा शनिवार मी पायरीवर बसलो, बाहेर.
आत भाऊ, मेहुणे, दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज.
कायदी माझ्यासाठी चहा घेऊन यायची
आणि आत न जाता तीही बसायची, बर्फात पाय रोवून.
आम्ही काहीच बोलत नव्हतो. बरं वाटायचं.

मी काच सरकवते. अंगठ्याखाली मोजणीयंत्र.
टिक. टिक. मग टिकटिक. मग इतक्या भरभर
की पुन्हा पहिल्या चौकटीपासून मोजावं लागतं.

"उद्या शनिवार आहे," तो दारातून म्हणतो.
"आत जाऊ का?"

हे सांगणं माझं काम नाही. डॉक्टर सांगतील.
मी मान वर करते.
त्याच्या एका भुवईला भुसा चिकटलाय,
फिकट, ताजा.
इतक्या महिन्यांत मला माहीत नव्हतं
याचे डोळे कोणत्या रंगाचे आहेत.