तीनास एक

वीज गेली की आधी माश्या आठवायच्या,
मग घर.
कुताइसीतला तो हिवाळा, दुसरं वर्ष,
आनुवंशिकीचं प्रॅक्टिकल.
काचेच्या नळ्या, तोंडाला कापसाचे बोळे,
आत तिळाएवढे जीव, पंचवीस अंशांवर वाढणारे.
आणि इन्क्युबेटर म्हणजे
नुसतं थंडगार कपाट.

नेस्तानने पहिल्यांदा नळ्या कोटाच्या आत घातल्या.
तिचं पाहून आम्ही सगळ्यांनी.
रात्री कूस बदलायची ती जपून;
बरगड्यांपाशी दुसरी पिढी कोषात होती.
आईने विचारलं, छातीशी काय धरलंयस?
म्हटलं, गृहपाठ.

त्सियाला प्रयोगशाळेतली मदतनीस,
सव्वीस वर्षं माश्यांचं रांधत आलेली.
मक्याचं पीठ, काकवी, यीस्ट.
रॉकेलचा स्टो पेटवायला तिला तीन काड्या लागत
आणि दोन शिव्या.
घाटा रटरटू लागला की
बुरशी धरू नये म्हणून आम्ल घालायचं असतं.
ते घालण्याआधी ती चार डाव बाजूला काढायची
आणि दाराकडे पाठ करून म्हणायची,
"ज्यांना माश्या व्हायचंय, त्यांनी वाट्या आणा."
आमची घोमीच ती, फक्त गोड.
बोटांनी निपटून खायचो, उभ्याउभ्या.
गोचाची वाटी फडताळात पालथी असायची.
सोखुमीकडे गेला त्या दिवसापासून
तिला कुणी हात लावला नव्हता,
आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढचा चौकोन
बाई कोराच ठेवत होत्या.

मोजणीच्या दिवशी खिडकीपाशी गर्दी.
स्टो विझवायचा, मगच ईथरची बाटली उघडायची.
निजलेल्या माश्या पांढऱ्या बशीत.
बारीक कुंचल्याने एकेक सरकवायची,
पूर्ण पंखांची इकडे,
खुंटलेल्या पंखांची तिकडे.
भिंगावर श्वासाची वाफ धरते, पुसा,
कुठवर आलो होतो विसरलो, पुन्हा पहिल्यापासून.
पुस्तक म्हणतं, तीनास एक.
माझ्या आल्या एकशे बेचाळीस
आणि एकोणीस.

शेजारी लाशाच्या वहीत मात्र
एकशे वीस आणि चाळीस.
जणू नोटीस पाठवून बोलावल्या होत्या.
मीही खोडरबर उचललं.

"थांब," झाइराबाई मागून म्हणाल्या.
बोटं कापलेले हातमोजे, नाक लाल.
"खुंटलेल्या पंखांची जात नाजूक.
गारठ्यात ती आधी जाते.
नळी उजेडात धर."

धरली.
काचेला चिकटलेले काळपट कोष,
न उघडलेले.
सुईच्या टोकाने सोडवले. तेवीस.
"पण बाई, यांचे पंख कुठले ते कळत नाही.
कुठल्या बाजूला मोजू?"
"कुठल्याच नाही."
"मग?"
"मग तेच लिही."

पट्टी नव्हती, हातानेच
तिसरा रकाना आखला, वाकडातिकडा.
मथळा काय द्यायचा ते सुचेना,
म्हणून दिलाच नाही.
तेवीस, एवढंच.
लाशाने तिरक्या नजरेने पाहिलं,
मग स्वतःची नळी उचलून
बराच वेळ खिडकीकडे धरून बसला.

चारच्या सुमाराला दिवे लागले.
कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग ओशाळून थांबलं.
कपाट एकदा हुंदडलं, मग संथ गुरगुरू लागलं,
आतला काटा अठरावरून हलला,
एकोणीस, वीस.
त्सियालाने दार उघडून धरलं,
"आणा रे आता इकडे."

कोट कुणीच उघडेना.
नेस्तान तर
दोन्ही हात छातीवर घडी घालून उभी होती,
आणि काटा पंचवीसवर पोचला तरी
म्हणत होती,
अजून जरा तापू दे.