ओगुलगेरेक

आईचं नाव ओगुलगेरेक.
आमच्या तुर्कमेन बोलीत: मुलगा हवा.
चौथीही मुलगीच झाली, तेव्हा आजोबांनी
नाव ठेवलं नाही, मागणी ठेवली.
पुढच्याच साली दुर्दीमामा आला.
नाव लागू पडलं म्हणाले सगळे,
आणि नाववाली हिशेबातून गेली.

गोंबदच्या प्रयोगशाळेत, उणे ऐंशीच्या कपाटात
तिच्या अन्ननलिकेचा तांदळाएवढा तुकडा आहे.
नळीवर नाव नसतं, आकडा असतो.
मी तो ओळखते. ओळखायचा नसतो.

आम्हाला शिकवलं होतं,
हा आरएनए प्रथिन घडवत नाही,
म्हणजे कामाचा नाही. अडगळ.
आता आलेखावर त्याचीच रेघ सगळ्यांत उंच.
मूग गिळून बसतो,
आणि बसल्या जागी स्पंजासारखा शोषून घेतो
ते चिमुकले आरएनए, जे पेशींना दटावत असतात:
जागा सोडू नका गं,
शेजारणीचा हात सोडू नका.
(हे दटावणं मला आईच्याच आवाजात ऐकू येतं.
उपमा इथे लंगडते. लंगडू दे.)
दटावणारं कुणी उरलं नाही
की एक पेशी हात सोडते,
आणि मानेच्या गाठीत, यकृतात,
जिथे तिचं ना माहेर ना सासर,
तिथे चूल मांडते.

आमच्यात ज्याची त्याची किटली वेगळी.
आईची निळी, टवका उडालेली.
चहा उकळताच प्यायची.
निववायला वेळ कुठे होता,
मागावर अर्धा गालिचा ताटकळलेला.
डॉक्टर विचारतात, किती गरम? किती वर्षं?
तिनं आणखी काय काय गिळलं
त्याला रकाना नाही.

आता चहात भिजवलेला चुरेकही उतरत नाही.
घास छातीच्या मधोमध उभा राहतो
पत्ता चुकलेल्या माणसासारखा.

दुर्दीमामा रोज येतो, रोज रडतो.
काल ती म्हणाली, घोटाघोटाला थांबत,
"माझ्या नावानं आलास ना तू?
मग ऊठ, खिडकी लाव. वारा लागतोय."

आज नमुना तिसऱ्यांदा मोजला.
आकडा तोच.
जुन्या वहीत या आरएनएच्या नावापुढे,
'कार्य' छापलंय त्या चौकटीत,
माझ्याच हातची आडवी रेघ आहे.
ती खोडली.
अजून काही लिहिलेलं नाही.