पुटं

तुम्ही कंपनीच्या पंचवीस वर्षांचं पुस्तक करताय म्हणे.
बसा. जरा जपून, बाकाचा एक पाय लटका आहे.
मी लास्टन गोंडवे, भिंती रंगवतो.
तारखा मला विचारू नका,
माझ्याकडे पुटं आहेत.

खाली वीट. विटेवर चुना.
चुन्यावर निळा: नॉर्डसेल.
ओस्लोहून दोघं आले होते, नाकं उन्हानं सोललेली.
एकानं बोनेटवर नकाशा पसरला आणि म्हणाला,
इथून सरोवरापर्यंत एकही तार नाही!
जणू तार नसणं म्हणजे खाणच सापडली.
वर्षभरात डोंगरावर मनोरा उभा राहिला,
चिवेटाच्या घाटात ट्रकवाले
उतार सोडून फोनच्या काड्या बघत गाडी हाकू लागले.
त्या निळ्याला सहा डबे लागले.
मला साडेतीनशे क्वाचा मिळाले, आणि एक टोपी.

निळ्यावर जांभळा: दाना.
आखातातल्या कुणीतरी चौदा देश एका सहीत घेतले,
आपण उसिपा मासळी घेतो तसे,
वाट्यावर, न निवडता.
कांपालापासून लुसाकापर्यंत एका रात्रीत रंगारी उठवले.
ताकीद एकच: निळा कुठूनही डोकावता कामा नये.
पण निळा चिवट.
तीन हात मारले तरी
भर दुपारी घामासारखा आतून यायचा.

जांभळ्यावर नारिंगी: एव्हिओ.
यांची सही कुठे झाली कुणास ठाऊक.
एका बेटावर म्हणतात,
जिथे हापिस म्हणजे नुसती टपालपेटी.
यांनी मनोरा वेगळा विकला,
मनोऱ्याखालची जमीन वेगळी,
राखणदार म्वाफुलिर्वा तिसऱ्यालाच.
त्याचा गणवेश पोचला, पगार वाटेत हरवला.
मी विचारलं, मग कंपनीकडे राहिलं काय?
सुपरवायझर म्हणाला, रंग.

हे लिहून घ्या. किंवा राहू द्या.

ही भिंत न्यामुन्थालीची.
दाराआडच्या कोपऱ्यात दोन विती जागा
तिनं निळ्यालाही दिली नव्हती.
तिथे कोळशानं लिहिलेली उधारी आहे, पहिल्या वर्षाची:
कार्डं घासली, बोलून घेतलं, पैसे नंतर देतो म्हणाले, ते सगळे.
मास्तर चिर्वा, पाच.
पोलिस, नाव माहीत नाही, बारा.
बर्फवाला, एक, अर्धं बोलून झालेलं.
नॉर्डसेलचं कर्ज दानानं घेतलं, दानाचं एव्हिओनं,
कोट्यवधींचं म्हणे, कागदावर कागद.
ही कार्डं मात्र कुणाच्याच हिशोबात गेली नाहीत.
ती म्हणते, गिऱ्हाईक आलं नाही,
म्हणून माझी कंपनी अजून माझ्याकडेच आहे.

खालची ओळ वाचा. लास्टन, दोन.

मुलगी झाली त्या रात्रीची.
भाऊ रुस्टेनबर्गच्या खाणीत.
पहिलं कार्ड 'ऐकू येतंय का, ऐकू येतंय का' मध्येच संपलं.
दुसऱ्यात नाव ठरलं, आणि तो रडला असावा,
की मनोरा खरखरला, अजून नक्की सांगता येत नाही.
पोरगी आता मझुझूला नर्सिंग शिकते.
त्यानंतर दोनदा माझा ब्रश त्या कोपऱ्यापाशी आला.
एक फटकारा पुरला असता.
मागे पैसे घेऊनही गेलो होतो.
तिनं नोट उलटीसुलटी पाहिली:
'यात आता काडेपेटी येत नाही. तेव्हाचा क्वाचा आण.'

पुढच्या महिन्यात हिरवा येतोय असं ऐकलंय.
तुमचं पुस्तक नारिंगी असेल, तर जरा घाई करा.

आणि फोटो काढायचाच तर समोरून नको,
तिकडून काढा, खांबाशी, बोकड अंग घासतो तिथून.
रोज थोडं थोडं करून
त्यानं चुन्यापर्यंत नेलंय.
बोकड न्यामुन्थालीचाच.
त्याची शिंगं बघा, कुठल्या रंगाची झालीत.