जाळीचे सहा स्क्रू

नवतप्याचा चौथा दिवस.
बेसा रोडचं डांबर चपलेला सोडत नाही.
स्कूटरवर पुढं ॲसिडचा कॅन, मागं क्लोरीनचा डबा,
मधे मी.
या दोघांना शेजारी बसवायचं नसतं.
शालिकला ते छातीनं कळलंय.

तीन वर्षांमागं चुकून एकाच बादलीत दोन्ही पडलं.
पिवळा धूर उठला तो त्याच्या आत जाऊन बसला.
आता तो घरी कुलरच्या ताट्या ओल्या करतो,
जिन्यात मधल्या पायरीवर थांबतो
आणि भिंतीवरचं काहीतरी बघत असल्यासारखं करतो.
त्याचे सात पूल माझे झाले.

भोयरांचा पूल हिरवा पडलाय.
वीज गेली ती चौदा तास. मोटर थांबली की पाणी झोपतं,
आणि झोपलेल्या पाण्यावर शेवाळ चढायला
इथं एक रात्र पुरते.
भोयरबाई म्हणतात, परवा मुलाचे मित्र येणार, निळं करून द्या.
निळ्या फरश्या असतात, बाई.
पाण्यानं मधे यायचं नाही,
एवढंच मला करून देता येतं.

नळीत पाणी, वर पाच थेंब.
क्लोरीन असलं तर वरणाच्या निवळीसारखं पिवळं होतं.
आज काहीच होत नाही.
दुसऱ्या नळीत जास्वंद फुटते: पीएच आठच्या वर.
रोज दोन बोटं पाणी ऊन घेऊन जातं,
रोज आम्ही बोअरचं भरतो,
पाणी उडतं, क्षार उडत नाहीत.
काठाच्या टाइलवर पांढरी रेघ,
जुन्या माठाला बाहेरून येते तशी.

आधी ॲसिड. बादलीत पाणी अगोदर, ॲसिड नंतर,
वाऱ्याकडं पाठ, श्वास धरून.
क्लोरीन मात्र दिवस बुडाल्यावर;
दुपारी टाकलेलं सूर्यच पिऊन टाकतो,
आणि बिल भोयरांना जातं.

फिल्टरचा काटा दहावर हवा, बाविसावर अडलाय.
हँडल दाबून उलट धार सोडते.
काचेच्या डोळ्यातून आधी अंबाडीच्या भाजीचं पाणी,
मग चहा,
मग काहीच नाही.
जाळीच्या टोपलीत मधमाश्या, अकरा.
तहान लागली म्हणून आल्या होत्या.
मी त्या कडुनिंबाखाली झटकते,
आणि उथळ ताटलीत साधं पाणी ठेवते, त्यात दोन खडे,
पाय टेकायला.
हे कुणी शिकवलेलं नाही.

मोटर सुरू केली तर आवाज वेगळा.
फोन लावते, मोटरजवळ धरते.
पलीकडं कुलर बंद झाल्याचं ऐकू येतं,
मग बराच वेळ नुसता त्याचा श्वास,
तोही मोटरसारखाच, कुठंतरी अडकणारा.
"हवा घेऊन राह्यली ते, पंचे.
झाकनाची रबर काढून पाय. माती असन खाचीत."
होती. मुगाच्या दाण्याएवढी.

रात्री नऊला काठावरची फरशी अजून तळव्यांना चावते.
क्लोरीन टाकलं, भिंती घासल्या,
लांब दांड्याचा ब्रश, खांदा, पुन्हा खांदा.
घरी आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी.
तो हिशोब मी इथं काठावर करत नाही,
हात थांबतो.

दुसरी रात्र.
हिरवं गेलं, दूध मिसळल्यासारखं राहिलं,
मग तेही विरळ होत गेलं.
बॅटरी पाण्यात तिरपी धरून वाकले.
"दिसते का तळाची जाळी?"
"दिसते."
"स्क्रू?"
"चार."
"सहा हायेत," तो म्हणाला, "मीच कसले होते."
आणि खोकला.
मी वाट पाहिली.
"रातभर चालू दे फिल्टर. सकाळी मोजजो."

मी डबे बांधले. मोटर चालू ठेवली.
फाटकाशी आल्यावर परत गेले,
फोन अजून कट केला नव्हता त्यानं,
तो मोटरजवळ ठेवून
जरा बसले.