तीन पायऱ्या

पाकीट नेहमीचंच, खिडकीचं.
खिडकीत माझं नाव, रोझालिया बोडनार,
स्पेलिंग यंदाही चुकलेलं.
आकडा मात्र त्यांचा कधी चुकत नाही.
गेल्या साली चारशे बारा डॉलर,
यंदा नऊशे अडुसष्ट.
कशाबद्दल, तर खाली बारीक अक्षरात:
रिकामी जमीन.

साहेब, तुम्ही ती आकाशातून काढलेल्या फोटोत पाहिलीत.
वरून सगळंच रिकामं दिसतं.
माझं डोकंसुद्धा.

इथं टाकाच लोकांचं घर होतं. पिवळं,
पुढे सिमेंटच्या तीन पायऱ्या.
शनिवारी त्यांच्या चुलीवर पापरिका तडतडली
की माझा नवरा जेवून उठलेला असला तरी
पुन्हा ताट शोधायचा.
मग काचेचा कारखाना बंद पडला,
त्यांचा मुलगा टेक्सासला गेला, जाताना
इलोन्काला घेऊन गेला.
घरात आधी कबुतरं आली, मग पोरं, मग आग.
बुलडोझरवाल्यानं दीड दिवसात घर उचललं.
पायऱ्या तेवढ्या राहिल्या.
विसरला, की त्याची जेवणाची सुट्टी झाली,
कोण जाणे.

लिलावात मी अडीचशेची बोली लावली.
दुसरं कुणी नव्हतंच,
तरी त्या माणसानं तीनदा पुकारलं
आणि तिसऱ्यांदा माझ्याकडे असं पाहिलं
जसं बाजारात
आजारी शेळी विकत घेणारीकडे बघावं.
मला काही बांधायचं नव्हतं.
रात्री ट्रक येऊन जुने टायर टाकून जायचे,
ते नको होते. बस.

तेरा वर्षं गवत कापते आहे.
जुलैत दर आठवड्याला,
गुडघ्यामुळे मधेमधे बसून.
हिवाळ्यात फुटपाथवरचा बर्फ मीच ओढते,
नाही ओढला तर त्याचाही दंड.
मग कोपऱ्यावर कॉफीचं दुकान आलं.
सहा डॉलरचा कप, फेसात एक पान काढलेलं.
त्या पानानं, साहेब,
माझ्या गवताचा भाव वाढला.

सुनावणीला गेले,
नवऱ्याला पुरताना घातलेला कोट घालून.
तीन माणसं, पाण्याचा एक जग,
मला चार मिनिटं.
म्हटलं, या जमिनीतून मला एक सेंट मिळत नाही.
मधला म्हणाला, म्हणूनच तर.
रिकाम्या जागेला दर जास्त.
काहीतरी उभं करा, बाई. शेड, गॅरेज. कमी होईल.
आणि मग शेडवरचा कर?
तो हसला,
चोरून खाताना सापडलेल्या पोरासारखा.

तेव्हा मी पायऱ्यांचं काढलं.
म्हटलं, तीन आहेत. उभ्या आहेत.
त्यानं कागद चाळले. नोंद नाही, म्हणाला.
आणि मग खरंच कुतूहलानं:
कुठं जातात?

पाठ केलेलं सगळं होतं माझ्याजवळ,
दर, तारखा, शेजारच्या प्लॉटचे आकडे.
याचंच उत्तर नव्हतं.
चार मिनिटं संपली.

घरी येताना पाऊस नव्हता, नुसता चिखल.
मी सरळ माझ्या दाराकडे न जाता
गवतातून गेले, पायऱ्या चढले,
आणि तिसरीवर बूट घासून पुसले.
पुढे दार नाही, माहीत होतं.
पण चिखलाचे पाय आत आणले
की इलोन्का फार ओरडायची.

अर्ज फेटाळला, हे तुम्हाला ठाऊकच आहे.
पहिला हप्ता पाठवतेय.
चेकच्या कोपऱ्यात एक ओळ असते, कशाबद्दल म्हणून.
दरवर्षी मी ती कोरी सोडते.
यंदा लिहिलंय:
पायऱ्या, तीन.
नोंद करून घेतलीत तर त्यांच्यावरही कर लावाल,
कळतं मला.

लावा.