तिसरी ट्रायल

शिरोलीच्या फौंड्रीत सकाळी साडेसातला
आमची गाडी टेम्पोतून उतरली.
हँडल नाही, सीट नाही, हॉर्नसुद्धा मऊ.
साडेतीनशे किलो कास्टिंग पाठीवर घेऊन
भट्टीपासून फेटलिंगपर्यंत स्वतःच्या अकलेनं जाणारी.

उद्यमनगरात दोन लेथमधल्या बोळात जन्मली.
चेसिस माझी, वेल्डिंग माझं,
अक्कल रेश्मा जमादारची;
चार महिने तिचा चहा बशीतच गार झाला.

पहिली ट्रायल काळ्या वाळूनं खाल्ली.
सेन्सरच्या डोळ्यावर पूड बसली
आणि गाडी दुपारभर भिंतीला नाक लावून उभी,
मास्तरांनी शिक्षा केलेल्या पोरागत.
दुसऱ्या वेळी ओतणाऱ्या लोखंडाचा लखलखाट
तिला भिंत वाटला.
"उजेडाला भ्येती व्हय तुमची गाडी?"
क्रेनवरनं कोणीतरी ओरडलं, अख्खं शेड हसलं.

आज ती गेली.
वळली, थांबली, एकाला वाट दिली, पुन्हा निघाली.
मालक नेमिनाथ चौगुले मोबाइल खिशात ठेवून बघत राहिले.
मग कॅल्क्युलेटर निघाला.
"तीन पाळ्या. रजा नाही. गणपतीला गावी जाणार नाही.
दोन वर्षांत वसूल," मी म्हणालो.
माहितीपत्रकात हेच छापलंय, जाड ठशात.
पुढच्या पानावर दवाखाना, गोदाम,
उसावर फवारणारं ड्रोन, कारखान्याचं यार्ड.
बाजार एवढा मोठा काढलाय
की त्यात आमचा बोळ दिसत नाही.

"आणि समजा कुणाच्या पायावर गेली,"
चौगुले म्हणाले, "तर पंचनाम्यात नाव कुणाचं?
माझं? तुझं? का हिच्या त्या कोडचं?"

रेश्मानं माझ्याकडं बघितलं.
विम्यावाल्याला विचारलं होतं आम्ही.
त्याच्या फॉर्मवर 'चालकाचं नाव' हा रकाना
रिकामा सोडता येत नव्हता.
त्यानं तिथं रेघ मारली, मग ती रेघही खोडली,
पुण्याला फोन लावतो म्हणाला.
जूनमध्ये.

शिवाप्पा वडर बावीस वर्षं इथं ट्रॉली ओढतो.
तो गाडीच्या शेजारनं चालत होता, गप.
मग वाकून बोट दाखवलं:
"ह्या झाकणावरनं न्हेऊ नका. भरल्या वज्यानं खचतंय.
मला म्हाईत हाय. हिला कोण सांगणार?"
रेश्मानं नकाशात तिथं लाल ठिपका ठेवला.
बावीस वर्षांतली एक गोष्ट
दोन सेकंदांत गाडीची झाली,
आणि तिचं बिल कुणी कुणाला दिलं नाही.

संध्याकाळी गंगावेशीत दूध प्यायला थांबलो.
धार काढून झाली, मालकानं दावं मानेवर टाकलं
आणि म्हैस एकटी निघाली
रिक्षा, फुलाची पाटी, उभी बुलेट चुकवत
आपल्या गल्लीकडं.
सेन्सर नाही. म्हणजे, असेलही.
"हिनं कुणाचा आरसा मोडला तर?" रेश्मानं विचारलं.
दूधवाला फेस निपटत म्हणाला,
"अवो, म्हस कुणाची ते पेठेला ठावं हाय की."

ती काहीच बोलली नाही.
ओठावर साय तशीच.

रात्री चौगुल्यांचा फोन.
दहा नकोत, एक द्या.
आणि सहा महिने शिवाप्पा शेजारनं चालेल,
तेवढं लिहून घ्या.

बिनचालकाची गाडी, शेजारनं चालणारा माणूस धरून:
कोटेशनमध्ये मी एक ओळ वाढवली.
तिच्यापुढचा आकडा
अजून घातलेला नाही.